आईचं कोण करतं? घरच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या गोमंतकीयांसाठी

आपल्याकडे या कामाला वेगळं नाव नाही. ‘तिनं सासूचं केलं’, ‘त्यानं बापाचं बघितलं’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं समजतं. न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री चारदा उठणं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या, गोळ्यांचा हिशेब. शब्द साधा आहे, म्हणून त्याच्या मागचं काम दिसत नाही. इस्पितळाच्या कागदावर रुग्णाचं नाव असतं, डॉक्टरांचं असतं, वॉर्डचा नंबर असतो. करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. आम्ही फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर राहतो. नवरा वेर्ण्याला पाळीच्या कामावर, धाकटे दीर बोटीवर, नणंद मुंबईला. सहा वर्षं आईंचं मी केलं, त्यातली शेवटची दोन त्या खाटेवर होत्या. त्या काळात कळलेलं इथे क्रमानं लिहिते आहे. क्रम मुद्दाम पाळला आहे, कारण यातल्या काही गोष्टी उशिरा करायला गेलं तर होतच नाहीत. आणि सगळ्यांत आधी करायची गोष्ट ही, की आपलं नाव कागदावर आणायचं. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारा, आधार देणारा कुणीही माणूस, त्याचे पैसे मिळोत वा न मिळोत, आणि त्यात आईवडील व घरची माणसं आलीच. कायद्यानं तुम्हाला नाव दिलेलं आहे. ते वापरायचं.

घरी आणण्याआधी

‘उद्या सोडतो’ असं कानावर आलं की आपण गाडी कोण आणणार याच्या विचारात पडतो. त्याऐवजी तो अर्धा दिवस वॉर्डात नीट वापरा. वहीत लिहून नेलेले प्रश्न असले की डॉक्टरही थांबून उत्तर देतात. आजाराचं नेमकं नाव काय? पुढच्या सहा महिन्यांत काय होईल? कुठली गोळी कशासाठी, आणि आधीच्या गोळ्यांपैकी कुठली बंद? काय झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच आणायचं? पुन्हा कधी दाखवायचं आणि कुठल्या विभागात?

जे काम घरी हातानं करायचं आहे ते नर्सनं करून दाखवलं एवढ्यावर समाधान मानू नका. नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, कूस बदलणं, इन्सुलिन टोचणं, यांतलं जे असेल ते ‘आता मी करते, तुम्ही बघा’ असं म्हणून तिच्यासमोर एकदा करा. माझी ही एक गोष्ट चुकली. घरी आल्यावर पहिल्याच रात्री लघवीची पिशवी मी खाटेच्या वरच्या दांडीला अडकवून ठेवली होती. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच हवी, नाहीतर लघवी उलटी जाते आणि संसर्ग होतो. सकाळी शेजारची निवृत्त नर्स आली, तिनं बघताक्षणी ती खाली घेतली.

एक फाईल करा. एकच. पहिल्या पानावर रुग्णाचं नाव, वय, रक्तगट, आजार, कसली ॲलर्जी आहे ते, सध्याच्या सगळ्या गोळ्या वेळेसकट, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘काळजी घेणारी व्यक्ती’, तुमचं नाव, नातं, मोबाईल. त्या पानाच्या पाच झेरॉक्स. एक फाईलमध्ये, एक फ्रिजच्या दारावर, एक शेजाऱ्यांकडे. रात्री १०८ला फोन करायची वेळ आली तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता, त्या पानावर बोट ठेवून मुलीनं वाचून दाखवलं.

कोण काय करणार

गोव्यात घरची सगळी माणसं एका छपराखाली कधी येतात, तर चवथीला. पण पहिल्या दिवशी हा विषय काढू नका. माटोळी, नैवेद्य, पाहुणे यांच्यात तो विरून जातो किंवा भांडण होतं. विसर्जन झालं, घर शांत झालं की बसा. चवथ लांब असली तर फोनवर एकत्र या, पण दिवस आणि वेळ ठरवून.

त्या बैठकीत ‘सगळ्यांनी बघायचं’ असा ठराव होऊ देऊ नका. सगळ्यांनी बघायचं म्हणजे जी घरात आहे तिनं बघायचं, हा अनुभव घरोघरचा आहे. कामांची यादी करा आणि प्रत्येक कामासमोर एकाचंच नाव लिहा. लांबच्या माणसाला करण्याजोगं पुष्कळ असतं. ऑनलाईन अर्ज भरणं, विम्याचा पाठपुरावा, औषधं मागवणं, दर महिन्याला ठराविक तारखेला ठराविक रक्कम, आणि वर्षातून दोनदा आठ-दहा दिवस येऊन घर ताब्यात घेणं. शेवटचं सगळ्यांत मोलाचं. नणंद पहिल्यांदा आठ दिवस राहून गेली त्यानंतर तिचे फोनवरचे सल्ले थांबले आणि प्रश्न सुरू झाले: ‘वहिनी, रात्री झोप मिळते का तुला?’

खर्चाची वही ठेवा, बिलं लावून ठेवा. करणारीनं नोकरी सोडली असेल तर तिचा बुडालेला पगारही त्या वहीत एक ओळ म्हणून यायला हवा. बोलायला जड जातं, पण पाच वर्षांनी बोलण्यापेक्षा पहिल्या वर्षी बोललेलं बरं.

हातानं करायची कामं

खाटेवरच्या माणसाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे अंथरुणात पडणारी जखम. माकडहाड, टाचा, नितंबाची बाजू, खांद्याचं पातं, डोक्याची मागची बाजू इथे हाडाजवळ मांस कमी, म्हणून तिथे आधी होते. दर दोन तासांनी कूस बदला. डावी, पाठ, उजवी असा क्रम आणि शेजारी भिंतीवर वेळ लिहायला कागद, म्हणजे दुसरं कुणी आलं तरी कळतं. टाचांखाली उशी नको, पोटरीखाली ठेवा, म्हणजे टाच हवेत राहते. अंग पुसताना रोज उजेडात या जागा बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर तो फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा. त्या जागेवर चोळू नका, मालिश करू नका. मधे भोक असलेली गोल उशीही नको, तिनं कडेचं रक्त अडतं.

पावसाळ्यात हे दुप्पट अवघड होतं. जूनपासून चादरी वाळत नाहीत, दमट चादर कातडीला चिकटते, जांघेत बुरशी येते. सुती चादरी निदान सहा ठेवा, प्लास्टिकचा कपडा थेट अंगाखाली घालू नका. हवेची गादी घेतली असेल तर लाईट गेली की तिची हवा हळूहळू उतरते आणि माणूस खालच्या फळीला टेकतो. आमच्या वाड्यावर एका जुलैच्या रात्री सात तास लाईट नव्हती. त्या रात्री घड्याळ लावून कूस बदलली. इन्व्हर्टर परवडत असेल तर आधी गादीला जोडा, पंख्याला मग.

उचलताना तुमची कंबर सांभाळा. पाय खांद्याइतके लांब ठेवा, गुडघे वाका, माणूस अंगाशी जवळ घ्या, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून त्यालाही जोर लावू द्या. काखेत हात घालून ओढू नका. अर्धांगवायूच्या माणसाचा पडलेला हात तर कधीच ओढायचा नाही, खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन् महिने राहतं. अंगाखाली आडवी घडी केलेली चादर असली की दोघांत उचलून वर सरकवता येतं. फिजिओथेरपिस्टला एक दिवस घरी बोलावून फक्त तुम्हाला शिकवायला सांगा. रुग्णाच्या व्यायामाइतकाच तो खर्च गरजेचा आहे.

भरवण्याबद्दल. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, उठवून बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवा. गिळायला त्रास असेल तर पाणी सगळ्यांत धोक्याचं, कारण ते पटकन सरकतं आणि श्वासनलिकेत जातं. उकड्या तांदळाची घट्ट पेज त्यामानानं सोपी जाते. वरचं निवळ मात्र पाण्यासारखंच, ते वेगळं द्यायचं नाही. जेवताना खोकला येणं, आवाज घोगरा ओला होणं, वारंवार ताप येणं ही गिळण्याच्या त्रासाची चिन्हं आहेत. डॉक्टरांना सांगा आणि अन्न किती दाट हवं ते विचारून घ्या.

दोन गोष्टींना थांबायचं नाही. चेहरा एका बाजूला ओढला, हात उचलेना, बोलणं जडावलं, तर १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचं ठीक कधी दिसलं ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. आणि कालपर्यंत बरं बोलणारं म्हातारं माणूस आज एकाएकी बरळायला लागलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, सोडियम उतरणं, नवी गोळी, यांपैकी काहीतरी असतं आणि बहुतेक वेळा उपचारानं उतरतं. त्याच दिवशी दाखवा.

विसरणाऱ्या माणसाबरोबर

आईंना संध्याकाळी चार-साडेचारला घाई सुटायची. पदर सावरून दाराशी उभ्या. ‘म्हाका घरा वचूंक जाय.’ मला घरी जायचंय. ज्या घरात त्या पन्नास वर्षं राहिल्या त्याच घराच्या दारात. मी पहिलं वर्षभर समजावत होते: आई, हेच तुमचं घर, हा बघा तुमचा देव्हारा. त्यावर त्या चिडायच्या, रडायच्या, एकदा विहिरीपर्यंत गेल्या.

मग लक्षात आलं की वाद घालून इथे कुणी जिंकत नाही. अंधार पडायच्या आत दिवे लावायला लागले, चहा चारच्या आधी. आणि अंगणातली अबोली परडीत काढून केळीच्या सोपाचा दोर त्यांच्या हातात द्यायला लागले. मुलांची नावं गेली होती, पण बोटांना फाती गुंफणं आठवत होतं. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, दोर आवळला. अर्धा तास त्या शांत बसायच्या. गुंफलेली फाती कधी सैल असायची, कधी मधेच सुटलेली. मी ती केसात माळायची. प्रत्येकाचं हे काम वेगळं असेल: कुणाचं शेंगा सोलणं, कुणाचं पेपरची घडी घालणं, कुणाचं भजन. शरीराला सवयीचं झालेलं काम शोधा.

एका वेळी एकच सूचना द्या, ‘आठवतंय का?’ विचारू नका, आंघोळीची वेळ ठरलेली ठेवा, बाहेरच्या दाराला कडी वरच्या बाजूला लावा, गॅसच्या सिलिंडरचा कॉक रात्री बंद. बाहेर पडण्याची सवय असेल तर नाव आणि फोन नंबर कपड्याच्या आतून शिवा, आणि नाक्यावरच्या दुकानदाराला, पाव घेऊन येणाऱ्या पदेराला, रिक्षावाल्याला सांगून ठेवा. लाज वाटून घेऊ नका. आमच्या आईंना दोनदा पदेरानंच घरी आणून सोडलं.

करणाऱ्याला आधार दिला की नेमकं काय बदलतं यावरचा एक चांगला अभ्यास आपल्या गोव्यातच झालेला आहे. संगाथ या पर्वरीच्या संस्थेशी आणि गोव्याच्या डिमेन्शिया सोसायटीशी निगडित अभ्यासकांनी स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांच्या ८१ कुटुंबांबरोबर तो केला, २००८मध्ये तो प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जायच्या. आजार समजावून सांगायच्या, त्रासदायक वागण्याशी कसं जमवून घ्यायचं ते सांगायच्या, ऐकून घ्यायच्या. त्यातून करणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं आणि त्रास कमी जाणवू लागला. त्या घरी जाणाऱ्या व्यक्ती डॉक्टर नव्हत्या. हा अभ्यास मी पुढे मागण्यांच्या ठिकाणी पुन्हा काढणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

कार्डं आणि दाखले

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण यावर खूपजण फसतात. खालची आरोग्य कार्डं इस्पितळात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. घरातली बाई, डायपर, गादी, घरी येणारा फिजिओ यांचा खर्च त्यांतून मिळत नाही. तो खर्च वेगळा धरूनच महिन्याचा हिशेब करा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड गोव्यात पाच वर्षांहून अधिक राहणाऱ्या कुटुंबाला मिळतं. योजना २०१६मध्ये आली तेव्हापासून तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख असं संरक्षण आहे. नूतनीकरण राहून जातं, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, ऑक्टोबर २०२४पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत, त्याला उत्पन्नाची अट नाही. आधार कार्डावरची जन्मतारीख बरोबर आहे ना ते आधी बघा, अर्धे अर्ज तिथे अडतात.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना दरमहा २,००० रुपये मिळतात, दिव्यांगांसाठीही त्यात तरतूद आहे. अर्ज समाजकल्याण खात्याकडे. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, तो मामलेदार कार्यालयातून. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायला कुणी घेत नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला ‘अपंग’ म्हणवून घेणं जिवावर येतं. तरी काढा. कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. पार्किन्सन त्यात आहे, अर्धांगवायूनं आलेलं लुळेपण चलनवलनाच्या दिव्यांगत्वात मोडतं. ४० टक्के किंवा जास्त आलं की बहुतेक सवलतींचं दार उघडतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळाकडे. माणूस हलवण्याजोगं नसेल तर अर्जातच तसं लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा.

मूल स्वमग्न असेल, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली ‘निरामय’ हा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि मूल १८ वर्षांचं झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं. अठरावा वाढदिवस उलटून गेल्यावर बँकेनं अडवलं म्हणून धावत येणारे आईबाप मी पाहिले आहेत. वर्षभर आधी सुरुवात करा.

आयकरात, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपये वजावट आहे. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचाराचे ५०,००० रुपयांपर्यंत वेगळे. बिलं मात्र हवीत आणि पैसे रोख दिलेले चालत नाहीत.

सही चालते तोवर

हा भाग पुढे ढकलू नका. स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावर आपण गोळ्यांमागे लागतो आणि समज शाबूत असलेले महिने निघून जातात.

मुखत्यारपत्र केलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची समज गेली की भारतीय कायद्यात मुखत्यारपत्र संपतं. मग माणसाच्या पैशांसाठी, जमिनीसाठी उच्च न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश आणावा लागतो. वेळ जातो, वकिलाची फी जाते. म्हणून बँक खातं आताच दोघांच्या नावे, ‘कुणीही एक किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीनं करा. नामांकन सगळीकडे बघा. वीज, पाणी, फोनची बिलं आपल्या खात्याला जोडा.

बँकेत जाता येत नसेल तर ७० वर्षांवरच्या, आजारी वा दिव्यांग ग्राहकांना घरी येऊन सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेनं २०१७मध्येच दिलेल्या आहेत. सही येत नसेल तर अंगठा, अंगठाही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा अधिकारी. काउंटरवर ‘त्यांना घेऊन या’ असं ऐकलं तर वाद घालू नका. कागद काढून तिथेच अर्ज लिहा, पोच मागा. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून घरून होतो. केंद्राच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो.

घराबद्दल आपल्याकडचा कायदा वेगळा आहे आणि त्यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. ‘जी माझं करील तिच्या नावावर घर’ असं म्हातारी माणसं बोलतात, मनापासून बोलतात. पण गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात मुलांचा अर्ध्या मालमत्तेवर हक्क राखीव असतो, मृत्युपत्रानं किंवा बक्षीसपत्रानं देता येतो तो उरलेला अर्धाच. शिवाय लग्नानं नवरा-बायकोची मालमत्ता सहसा समाईक झालेली असते, एकाच्या सहीनं घरदार विकता येत नाही. तेव्हा तोंडी शब्दावर नोकरी सोडू नका, आणि भावंडांशीही त्यावरून वैर धरू नका. वकिलाकडे एकदा एकत्र जा.

ज्येष्ठांनी मुलाला घर बक्षीस दिलं आणि मुलानं बघायचं सोडलं तर २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३नं ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. त्यासाठी ‘सांभाळण्याच्या अटीवर’ असं बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. याच कायद्याखाली उपजिल्हाधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मागता येते.

शेवटच्या दिवसांत काय करावं, काय करू नये, हेही त्या माणसाकडूनच ऐकून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढं पुरतं. गोव्यात मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. आमच्या आईंचं आम्ही केलं नव्हतं. शेवटी नळी घालायची का यावर आम्ही तिघं दोन दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होतो आणि कुणालाच त्यांच्या मनातलं ठाऊक नव्हतं. ते बाक मी विसरत नाही.

घरात दुसरं माणूस

शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई घेताना तिच्या कामाची यादी, वेळ, सुट्टीचा दिवस, जेवण, रात्री किती वेळा उठायचं हे लेखी ठरवा. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस पडताळणी करा. पहिले तीन दिवस तिच्याबरोबर राहा. आणि तिलाही झोप लागते हे विसरू नका. चोवीस तासांच्या कामावर ठेवलेल्या बाईला रात्री सहा तास पडू दिलं नाही तर महिन्याभरात ती जाते, आणि तिचं चुकत नाही.

कर्करोग शेवटच्या टप्प्यात असेल तर लोटलीचं शांती अवेदना सदन हे अशा रुग्णांचं शुश्रूषाकेंद्र ठाऊक असू द्या. वेदनाशमनाची सेवा कुठल्याही टप्प्यावर मागता येते, उपचार थांबल्यावरच ती घ्यायची असं काही नाही. मनाच्या आजारासाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. घरात ठेवणं अगदीच शक्य नसेल तर प्रोव्हेदोरिया या सरकारी संस्थेच्या वृद्धाश्रमांची चौकशी करा. माणसाला तिथे ठेवलं म्हणजे सोडलं असं होत नाही, दर रविवारी जाणारी मुलं मी पाहिली आहेत. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ हा एल्डरलाईनचा नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मन फारच दाटून आलं तर टेलिमानस १४४१६, दिवसरात्र. तो फोन आजाऱ्यासाठी आहे तसाच तुमच्यासाठीही आहे.

तुमचं अंग

मला चौथ्या वर्षी कळलं की मी आईंवर ओरडते आणि मग न्हाणीत जाऊन रडते. वजन सात किलो उतरलं होतं. रक्तदाब कधी तपासला होता ते आठवत नव्हतं. ज्या फॅमिली डॉक्टरकडे आईंसाठी जायची त्यांनी एकदा आईंना बाजूला ठेवून माझ्या दंडाला पट्टा बांधला.

राग येणं, ‘आता संपावं’ असं वाटणं हे जवळजवळ प्रत्येक करणाऱ्याला होतं. बोलायला लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही. पण हात उगारला गेला, झोप सलग तीन आठवडे गेली, खाणं सुटलं किंवा जीव नकोसा वाटला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. रोज अर्धा तास घराबाहेर, आठवड्यातून एक दुपार पूर्ण तुमची, आणि ती ठरलेली. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं म्हटलं की ती मिळत नाही. शेजारीण ‘काय लागलं तर सांग’ म्हणते तेव्हा ‘नको’ म्हणू नका. ‘बुधवारी तीन ते पाच बसशील?’ असं विचारा. नेमकं मागितलं की बहुतेक माणसं येतात.

मागायचं कुठे, कसं

तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. इस्पितळ, बँक, पंचायत, कंपनी, कुठेही असो, एका पानाचा अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच आणि तारीख. अर्जात तीनच गोष्टी: मी कोण, अडचण काय, मला नेमकं काय हवं. कामाच्या ठिकाणी खासगी नोकरीत काळजीवाहकाच्या रजेचा वेगळा हक्क कायद्यानं दिलेला नाही, म्हणून तिथे ठोस मागणी करा. कायमची पहिली पाळी, किंवा महिन्यातून इस्पितळाचा एक दिवस. माझ्या नवऱ्यानं रात्रपाळी बदलून मागितली, डॉक्टरांचं पत्र जोडलं, तिसऱ्या अर्जाला मिळाली.

दिव्यांग व्यक्तीला सवलत नाकारली, कार्यालयात व्हीलचेअर जात नाही, तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्जाचं काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. मी एकदाच केला, अडलेली फाईल त्यानंतर हलली.

आणि ग्रामसभा. गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि रस्ते-गटारांवर बोलणारे प्रत्येक ग्रामसभेत असतात. खाटेवरच्या माणसांबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यांचं करणाऱ्यांना रविवारी घरातून निघता येत नाही. म्हणून आठवडाभर आधी सचिवांकडे लेखी विषय द्या आणि तुमच्या वतीनं बोलायला एक जण ठरवा. आमच्या पाच घरांनी दिलेलं पत्र असं होतं:

‘आमच्या वाड्यावर पाच घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. पंचायतीनं दोन घडीच्या खाटा, दोन व्हीलचेअर आणि दोन वॉकर ठेवावेत व गरजू घरांना नोंद करून वापरायला द्यावेत. आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एकदा या घरांना भेट द्यावी, असा ठराव घेऊन आरोग्य केंद्राला पाठवावा. हा विषय इतिवृत्तात नोंदवावा ही विनंती.’

शेवटचं वाक्य सगळ्यांत गरजेचं. इतिवृत्तात आलं की पुढच्या सभेत ‘त्याचं काय झालं?’ विचारता येतं. आम्हाला व्हीलचेअर मिळाल्या, खाटा नाही, आरोग्य केंद्राची नर्स येऊ लागली.

मोठी मागणी अजून उभी आहे. २०१६च्या कायद्याचं कलम २४ सरकारांना सामाजिक सुरक्षेच्या योजना आखायला सांगतं, आणि त्या यादीत जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्याच्या नावे महिन्याला ६०० रुपये दिले जातात. रक्कम थोडी आहे, पण ती करणाऱ्याच्या नावे आहे. आपल्या आमदाराला पत्र लिहिताना हे कलम, हे उदाहरण आणि गोव्यातल्या त्या ८१ कुटुंबांचा अभ्यास, तिन्ही एकत्र मांडा. चाळीस मतदारसंघांच्या या छोट्या राज्यात आमदार रस्त्यावर भेटतो, आणि घरोघरी प्रशिक्षित माणूस पाठवण्याची मागणी इथे करून बघितलेली आहे असं सांगता येतं.

नंतर

माणूस गेल्यावर २१ दिवसांत मृत्यूची नोंद करा आणि दाखल्याच्या दहा प्रती काढा, प्रत्येक खातं एक मागतं. दयानंद योजना, पेन्शन, बँक यांना लगेच कळवा, नाहीतर जमा झालेले पैसे नंतर परत मागतात. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाला देऊ नका.

दिवसकार्य झाल्यावर काही महिने रात्री दोनला जाग येत राहते. मला कूस बदलायची वेळ झाली असं वाटायचं. कुणाला तरी सांगा, एकट्यानं काढू नका.

आईंची खाट आणि हवेची गादी मी तेराव्यानंतर आठवड्यानं शेजारच्या वाड्यावर दिली. तिथे एका मुलानं वडिलांना नुकतंच घरी आणलं होतं. खाट ठेवली, गादीची नळी जोडून दाखवली, मग त्याला म्हटलं, आता तू काढ आणि पुन्हा जोड, मी बघते. पोटरीखाली उशी कुठे ठेवायची ते त्यानं माझ्यासमोर दोनदा केलं. फाईलचं पहिलं पान आम्ही तिथेच बसून लिहिलं, आणि ‘काळजी घेणारी व्यक्ती’ या ओळीसमोर त्यानं स्वतःचं नाव घातलं.